एक मैदान, चार नियमपुस्तकं: बेसबॉलचे नियम स्तरानुसार कसे वाचायचे

दुसऱ्या बेसवर रनर आहे. पिचर सेट पोझिशनमध्ये येतो, पण हात स्थिर न करताच पिच टाकतो. अंपायर ‘बॉक’ (बेसवर रनर असताना पिचरने केलेली नियमबाह्य हालचाल) पुकारतो आणि त्याच पिचवर बॅटर चेंडू कुंपणापार घालवतो. मेजर लीगमध्ये या दोन धावा झाल्या. बॅटरसकट सगळे निदान एक बेस पुढे सरकले, म्हणजे बॉक विसरायचा. हायस्कूलच्या सामन्यात मात्र शून्य. बॉक होताच चेंडू डेड झाला, म्हणजे खेळ तिथेच थांबला, रनर तिसऱ्या बेसवर गेला आणि बॅटरने परत येऊन त्याच काउंटवर (बॉल-स्ट्राइकच्या आकड्यावर) खेळायचं. बारा आणि त्याखालच्या मुलांच्या लिटल लीग मेजर्स विभागात तर बॉक हा प्रकारच नाही.

खेळ तोच, कपडे तसेच, निकाल तीन. अंपायर, कोच, स्कोअरर किंवा पालक म्हणून एकाहून जास्त स्तरांवर वावरायचं असेल, तर चारही पुस्तकं पाठ करायची गरज नाही. बहुतेक मजकूर तोच आहे. उरलेला भाग नेमका कुठे फुटतो आणि फुटल्यावर चेंडू चालू राहतो की डेड होतो, एवढं पक्कं असायला हवं.

आधी पुस्तक ठरवा

अमेरिकेत चार पुस्तकं महत्त्वाची.

पहिलं ऑफिशियल बेसबॉल रूल्स, बोलीभाषेत ओबीआर. मेजर आणि मायनर लीग याच्यावर चालतात. अमेरिकन लीजन, बेब रूथ, पोनी यांसारख्या हौशी संघटनाही हेच मूळ धरून आपले बदल वर जोडतात. दुसरं कॉलेजांसाठीचं, एनसीएएचं. तिसरं एनएफएचएसचं, म्हणजे राज्यांच्या हायस्कूल संघटनांच्या महासंघाचं. चौथं लिटल लीगचं.

नियमाचा क्रमांक कसा लिहिलाय यावरूनही पुस्तक ओळखता येतं. मधे डॅश असेल, जसं ६-२-४ किंवा ८-३-२, तर ते हायस्कूलचं किंवा कॉलेजचं. मधे टिंब असेल, जसं ६.०२(अ), तर ओबीआर किंवा लिटल लीग. इथे एक खड्डा आहे. ओबीआरची २०१५ मध्ये संपूर्ण फेरमांडणी झाली आणि सगळे क्रमांक बदलले. लिटल लीगने मात्र जुनी क्रमवारी सोडली नाही. त्यामुळे ‘७.०६’ असा दाखला कोणी दिला तर तो ऑब्स्ट्रक्शनचा (रनरला अडवण्याचा) लिटल लीग नियम असेल, नाहीतर २०१५ आधीच्या ओबीआरवरची जुनी टिपणं असतील. आजच्या ओबीआरमध्ये तोच विषय ६.०१(ह) मध्ये आहे. क्रमांक बरोबर आणि पुस्तक चुकीचं, हा घोळ वाद घालणाऱ्यांत सर्रास दिसतो.

वाचण्याचा क्रम वरून खाली ठेवा. आधी त्या स्पर्धेची किंवा लीगची नियमावली, मग राज्य संघटनेने किंवा कॉन्फरन्सने स्वीकारलेल्या ऐच्छिक तरतुदी, मग मूळ पुस्तक आणि शेवटी मैदानापुरते ग्राउंड रूल्स. बहुतेक लोक उलटं करतात. आधी मूळ पुस्तकात उत्तर शोधतात, सापडलं की थांबतात, आणि लीगने ते कलम दोन ओळींत बदललेलं असतं हे सामन्यातच कळतं. एनएफएचएसच्या पुस्तकात ‘राज्याने स्वीकारल्यास’ असे शब्द बऱ्याच ठिकाणी येतात. दहा धावांच्या फरकाने सामना संपवणं, कर्टसी रनर (पिचर किंवा कॅचरऐवजी धावणारा मुलगा), प्रोटेस्ट (निकालाविरुद्धची औपचारिक तक्रार) ही सगळी त्यातलीच. तुमच्या राज्याचं पत्रक हाताशी नसेल तर ही पानं अर्धवटच समजायची.

‘आम्ही ओबीआर खेळतो’ असं हौशी लीगने सांगितलं तर लगेच विचारा, टीव्हीवर दिसणारं काय काय त्यात धरलंय? पिच क्लॉक (पिच टाकायची वेळ मोजणारं घड्याळ), जादा डावात दुसऱ्या बेसवर ठेवलेला रनर, शिफ्टवरची (इनफिल्डर एका बाजूला गोळा करण्यावरची) बंदी या गोष्टी मेजर लीगच्या गरजेतून आल्या. शनिवारच्या लीगमध्ये त्या आपोआप लागू होतात असं समजू नका. लेखी उत्तर घ्या.

मैदान आणि डाव

हा भाग सोपा. पूर्ण मैदान म्हणजे बेसमध्ये ९० फूट आणि पिचिंग रबर (पिचर पाय ठेवतो ती पट्टी) ६० फूट ६ इंचांवर. मेजर लीग, कॉलेज, हायस्कूल तिन्हीकडे हेच. लिटल लीग मेजर्समध्ये ६० आणि ४६ फूट, इंटरमीजिएट विभागात ७० आणि ५०. मेजर लीगने २०२३ पासून बेस १५ इंचांऐवजी १८ इंचांचे केले, त्यामुळे तिथलं मोजमाप खालच्या स्तरांवर नेऊ नका.

मेजर लीग आणि कॉलेजात ९ डाव, हायस्कूलमध्ये ७, लिटल लीग मेजर्समध्ये ६. पावसाने थांबलेला सामना ग्राह्य धरायला हायस्कूलमध्ये ५ डाव लागतात, यजमान पुढे असतील तर साडेचार. लिटल लीग मेजर्समध्ये ४ किंवा साडेतीन. मोठ्या फरकाचा नियम मेजर लीगमध्ये नाही. हायस्कूलमध्ये राज्याने स्वीकारला असेल तर ५ डावांनंतर १० धावा, लिटल लीग मेजर्समध्ये ४ डावांनंतर १०. स्कोअररने सामन्याआधी हे आकडे स्कोअरबुकच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवावेत.

स्ट्राइक झोन शब्दांतही वेगळा आहे. ओबीआरमध्ये वरची हद्द म्हणजे खांद्याचा वरचा भाग आणि पँटची वरची कड यांचा मध्य, खालची गुडघ्याच्या वाटीखालची खळगी. हायस्कूलचा झोन खांदे आणि कंबर यांच्या मध्यापासून गुडघ्यांपर्यंत. लिटल लीगमध्ये काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. म्हणजे लहान मुलांचा झोन वर चढतो आणि खालूनही थोडा आखूड होतो. संध्याकाळी प्रौढांच्या लीगमध्ये उभा राहणारा अंपायर सकाळी लहान मुलांच्या सामन्यात छातीजवळची स्ट्राइक बॉल देत राहतो, ते यामुळेच.

बॅट: अंदाज नको, छाप बघा

सामन्याआधी सोडवता येण्याजोगा हा एकमेव वाद, म्हणून तो सामन्याआधीच सोडवा.

मेजर लीगमध्ये एकाच लाकडाच्या तुकड्याची बॅट, व्यास जास्तीत जास्त २.६१ इंच, लांबी ४२ इंच. कॉलेज आणि हायस्कूलमध्ये धातूची किंवा कंपोझिट बॅट चालते, पण तिच्यावर ‘बीबीकॉर .५०’ (चेंडू किती उसळतो त्याची मर्यादा) ही कायमस्वरूपी छाप हवी. हे प्रमाण कॉलेजात २०११ पासून आणि हायस्कूलमध्ये २०१२ पासून आहे. व्यास २ पूर्णांक ५/८ इंच, लांबी ३६ इंच, आणि वजनातला फरक ३ पेक्षा जास्त नको. फरक म्हणजे इंचांतली लांबी वजा औंसांतलं वजन. ३३ इंचांची बॅट ग्रिपशिवाय निदान ३० औंस भरली पाहिजे.

अखंड लाकडाच्या बॅटला हायस्कूलमध्ये छाप लागत नाही. बांबूची किंवा लाकडाचे तुकडे जोडून केलेली बॅट असेल तर लागते. दिसायला लाकडी म्हणून ती सोडून दिली जाते, तिथे फसगत होते.

लिटल लीग मेजर्समध्ये २०१८ पासून यूएसए बॅटचं प्रमाण आहे. बॅरल २ पूर्णांक ५/८ इंचांपर्यंत, लांबी ३३ इंचांपर्यंत. सर्वात मोठा घोटाळा इथेच होतो. ट्रॅव्हल स्पर्धांमध्ये यूएसएसएसए छापाच्या बॅट चालतात आणि त्या जास्त जोरकस असतात. नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे पालक एक समजून दुसरीच विकत घेतात. शनिवारच्या ट्रॅव्हल सामन्यात कायदेशीर असलेली बॅट सोमवारच्या लिटल लीग सामन्यात बेकायदा ठरते.

हायस्कूलमध्ये बेकायदा बॅट घेऊन बॅटर बॉक्समध्ये शिरला तरी आउट होतो, चेंडू लागायची गरज नाही, आणि मुख्य कोचवरही कारवाई होते. पाइन टारचं (पकड घट्ट करणाऱ्या चिकट डांबराचं) मात्र वेगळं आहे. ओबीआरमध्ये मुठीच्या टोकापासून १८ इंचांपलीकडे पाइन टार गेलं तर बॅट बाजूला काढतात, पण त्यावरून बॅटरला आउट देत नाहीत आणि झालेला खेळ उभा राहतो. १९८३ मध्ये जॉर्ज ब्रेटची होम रन अंपायरांनी याच कारणावरून रद्द केली आणि नंतर लीगच्या अध्यक्षांनी ती परत दिली, ते प्रकरण बहुतेकांनी ऐकलेलं असतं. निकाल उलटला होता, एवढं मात्र विसरलं जातं.

पिचर

बॉकची सुरुवात वर झालीच. हायस्कूलमध्ये चेंडू तत्क्षणी डेड, म्हणजे पुढे काहीही झालं तरी रनर एक बेस पुढे आणि बॅटर जागेवर. ओबीआर आणि कॉलेजात आधी खेळ कुठे थांबतो ते बघायचं. पिच पडला आणि सगळे निदान एक बेस पुढे गेले तर बॉक रद्द, नाहीतर बॉकची भरपाई. वरच्या स्तरातून हायस्कूलमध्ये आलेला अंपायर बॉक पुकारून हात वर न करता वाट बघत उभा राहतो. तेवढ्यात बॅटर फटका मारतो, रनर धावतात, आणि मग सगळ्यांना परत आणताना दोन्ही डगआउट चिडतात. हायस्कूलमध्ये बॉक आणि ‘टाइम’ एका दमात, मोठ्याने.

तिसऱ्या बेसकडे खोटा थ्रो दाखवून पहिल्या बेसकडे वळायची जुनी युक्ती ओबीआरमध्ये २०१३ पासून बॉक आहे. हायस्कूलमध्ये तिसऱ्याकडे पाऊल टाकून थ्रोचा आव आणणं अजून चालतं. टीव्ही बघून शिकलेले पहिल्या बेसचे कोच इथे हमखास ओरडतात.

वाइंडअपमध्ये (सेट पोझिशनऐवजी पूर्ण झोका घेऊन टाकायच्या पद्धतीत) उभ्या पिचरचं याउलट. ओबीआरमध्ये तो रबरवरूनच नीट पाऊल टाकून बेसकडे थ्रो करू शकतो. हायस्कूलमध्ये वाइंडअपमधून पिक-ऑफ (रनरला आउट करायला बेसकडे थ्रो) नाही, आधी रबरवरून मागे उतरायचं. तिसऱ्या बेसवर रनर असताना वाइंडअप वापरणाऱ्या पिचरला हे पहिल्याच सरावात सांगून ठेवा, कारण चूक झाली की थेट धाव जाते.

घड्याळ मेजर लीगमध्ये २०२३ ला आलं. बेस रिकामे असताना १५ सेकंद, रनर असताना आधी २० आणि २०२४ पासून १८. त्यासोबत एका बॅटरसाठी रबरवरून दोनदाच उतरायची मुभा. तिसऱ्यांदा उतरून कोणी आउट झालं नाही तर बॉक. ही दोनची मर्यादा हायस्कूलमध्ये नाही. तिथे २० सेकंदांचा नियम पुस्तकात आहे, तो अंपायर नजरेने सांभाळतो, आणि पिक-ऑफ हवे तितके.

पिचरजवळ जाण्याची मोजणी स्कोअररचं काम, आणि प्रत्येक पुस्तक वेगळी गोष्ट मोजतं. मेजर लीगमध्ये २०२४ पासून संघाला सामन्यात ४ भेटी. त्याशिवाय एकाच डावात कोच त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेला की पिचर बदलायचा. हायस्कूलमध्ये पूर्ण सामन्यात संघाला ३ भेटी मोफत, त्यापुढे प्रत्येक भेटीला पिचर उतरतो. लिटल लीगमध्ये मोजणी पिचरमागे चालते. एका डावात दोन भेटी चालतात आणि तिसरीला तो उतरतो, सामन्यात तीन चालतात आणि चौथीला उतरतो. एक संघाचा हिशेब, एक पिचरचा. स्कोअरबुकात दोन वेगळ्या ओळी आखा.

पिचची संख्या हा लहान स्तरांवरचा सर्वात गंभीर नियम, कारण त्यामागे मुलांचे खांदे आणि कोपरं आहेत. मेजर लीगच्या नियमांत कमाल मर्यादा नाही. हायस्कूलमध्ये २०१७ पासून प्रत्येक राज्याला पिचच्या संख्येवर आधारलेलं धोरण ठेवावं लागतं, आकडे राज्यागणिक वेगळे. लिटल लीगमध्ये दिवसाची मर्यादा अशी:

७-८ वर्षं: ५०
९-१० वर्षं: ७५
११-१२ वर्षं: ८५
१३-१६ वर्षं: ९५
१७-१८ वर्षं: १०५

बॅटर समोर असताना मर्यादा गाठली तर तो बॅटर संपेपर्यंत पिचर टाकू शकतो. चौदा आणि त्याखालच्यांची विश्रांती: २० पर्यंत काही नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा जास्त असतील तर चार. कॅचरचा संबंधही लक्षात ठेवा. ४१ किंवा जास्त पिच टाकलेला मुलगा त्या दिवशी कॅच करू शकत नाही, आणि चार डाव कॅच केलेला पिच टाकू शकत नाही. दोन्ही संघांच्या स्कोअररांनी दर डावानंतर आकडे जुळवून घ्यावेत. शेवटी जुळवायला गेलं तर फाउल धरले की नाही यावरच अर्धा तास जातो. (धरायचे. बॅटरला टाकलेला प्रत्येक पिच मोजायचा.)

बेसवरची टक्कर: इथे सावकाश वाचा

बचाव करणारा रनरला अडवतो ते ऑब्स्ट्रक्शन, रनर किंवा बॅटर बचावाच्या आड येतो ते इंटरफिअरन्स. शब्द चारही पुस्तकांत सारखे आहेत, त्यांचे परिणाम नाहीत.

ओबीआरमध्ये ऑब्स्ट्रक्शनचे दोन प्रकार. अडवलेल्या रनरवरच खेळ चालू असेल, उदाहरणार्थ दोन बेसमध्ये कोंडी, तर चेंडू लगेच डेड आणि रनरला शेवटच्या बेसच्या पुढचा निदान एक बेस. खेळ दुसरीकडे चालू असेल तर थांबायचं नाही. सगळं संपल्यावर अडथळा नसता तर रनर कुठवर गेला असता, तेवढंच द्यायचं. ते कधीकधी काहीच नसतं.

हायस्कूलमध्ये एकच प्रकार. चेंडू कधीच लगेच डेड होत नाही आणि रनरला निदान एक बेस मिळतोच.

हा फरक असा दिसतो. साधा सिंगल पडतो. बॅटर पहिल्या बेसला वळसा घालतो, दोन पावलं पुढे जाताना फर्स्ट बेसमनला धडकतो आणि परत बेसवर येतो. चेंडू तोवर सेकंड बेसमनच्या हातात आहे. ओबीआरचा अंपायर म्हणेल की हा दुसऱ्याला पोचलाच नसता, पहिल्यावर राहू दे. हायस्कूलचा अंपायर त्याला दुसरा बेस देईल आणि त्याचं बरोबर असेल. ‘तो कुठे जाणार होता?’ हा प्रश्न तिथे त्या एका बेसपुरता विचारायचाच नसतो. नवशिक्या अंपायरकडून हायस्कूलमध्ये सर्वात जास्त राहून जाणारा बेस हाच.

चेंडू हातात नसताना हातमोज्याने टॅगचं नाटक करणं हायस्कूलमध्ये ऑब्स्ट्रक्शन आहे. ओबीआरमध्ये तसं कलम नाही.

आता घसरणं. दुसऱ्या बेसवर फोर्स आहे, म्हणजे रनरला तिकडे जाणं भागच आहे, शॉर्टस्टॉप पहिल्याकडे वळतोय. ओबीआरचं ६.०१(ज), २०१६ पासूनचं, चार गोष्टी मागतं. रनरने बेसच्या आधी जमिनीला टेकायचं, हाताने किंवा पायाने बेस गाठायचा प्रयत्न करायचा, घसरल्यावर बेसवर थांबायचा प्रयत्न करायचा, आणि टक्कर घडवण्यासाठी वाट बदलायची नाही. या चौकटीत राहून झालेला स्पर्श माफ. हायस्कूलचा फोर्स-प्ले नियम वाटेबद्दल कडक आहे. घसरायचं तर दोन बेसमधल्या सरळ रेषेत, किंवा फील्डरपासून दूर. त्याच्याकडे थोडंही वळून झालेला स्पर्श, किंवा बेसपलीकडे जाऊन झालेला स्पर्श, इंटरफिअरन्स. म्हणजे बेसला हात पोचेल इतक्या अंतरावर, पण फील्डरच्या बाजूने घेतलेली स्लाइड ओबीआरमध्ये बसू शकते आणि हायस्कूलमध्ये दोन आउट देऊन जाते, रनर आणि बॅटर दोघेही. बाकीचे रनर पिचच्या वेळच्या बेसवर परत. कॉलेजचा नियमही सरळ रेषेचाच आग्रह धरतो.

हायस्कूलमध्ये घसरणं सक्तीचं कधीच नाही. ‘स्लाइड कर नाहीतर आउट’ असं ओरडणाऱ्या कोचने पुस्तक पूर्ण वाचलेलं नसतं. घसरला नाही तर चालेल, पण उभ्याने जाऊन थ्रोच्या आड आला तर तोही इंटरफिअरन्स. आणि मुद्दाम जोराने धडकला, ज्याला पुस्तक मॅलिशस कॉन्टॅक्ट म्हणतं, तर आउट आणि सामन्यातून बाहेर. आधी ऑब्स्ट्रक्शन झालेलं असेल तरी ते पुसलं जातं. धडकेआधीच प्लेट ओलांडलेली असेल तर धाव मात्र राहते.

मेजर लीगमध्ये होम प्लेटवरच्या टकरीचा नियम २०१४ ला आला. कॅचरकडे चेंडू नसताना रनरची वाट अडवायची नाही, आणि रनरने कॅचरला धडकायसाठी वाट सोडायची नाही. लिटल लीगमध्ये चेंडू हातात घेऊन वाट बघणारा फील्डर असेल तर रनरने घसरायचं किंवा त्याला टाळायचं. तिथे मेजर्स आणि त्याखालच्या विभागांत पुढे जाताना डोक्याने घसरणं म्हणजे आउट. मागच्या बेसवर परतताना चालतं. बारा वर्षांचा मुलगा टीव्हीवर बघून डोक्याने घसरतो, सेफ असतो, आणि आउट होतो. त्याला आधी सांगितलं नाही तर चूक कोचची.

मेजर्समध्ये लीड घेणंही नाही. पिच बॅटरपर्यंत पोचेस्तोवर पाय बेसवर. लवकर सुटला म्हणून मात्र आउट देत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. बॅटरने फटका मारला नसेल आणि रनर पुढच्या बेसवर सेफ पोचला असेल तर त्याला परत पाठवायचं. वाटेत आउट झाला असेल तर तो आउट कायम. फटका मारला असेल तर रनरना कुठवर परत आणायचं याचा तक्ता पुस्तकात आहे. तो पाठ करण्यापेक्षा छापून खिशात ठेवा.

अपील

बेस चुकवला किंवा झेल होण्याआधी निघाला, तर बचाव करणाऱ्यांनी मागितल्याशिवाय आउट नाही. हे सगळीकडे आहे. मागायचं कसं, यात फरक.

ओबीआरमध्ये चेंडू चालू हवा. टाइम झाला असेल तर चेंडू पिचरकडे, पिचर रबरवर, अंपायरचं ‘प्ले’, मग पिचर मागे उतरून बेसकडे थ्रो करतो आणि फील्डर कोणत्या रनरबद्दल, कोणत्या बेसबद्दल ते सांगतो. घाईत तो थ्रो मैदानाबाहेर गेला तर त्या रनरवरचं त्या बेसचं अपील गेलं. दुसरी संधी नाही.

हायस्कूलमध्ये चेंडू डेड असताना कोच किंवा कोणताही फील्डर तोंडी अपील करू शकतो, चेंडू हातात असो वा नसो. फक्त रनर आणि बेस नेमका सांगायचा. म्हणून हायस्कूलच्या कोचने सगळी जुळवाजुळव करायला लावू नये. टाइम मागायचा, वाक्य बोलायचं, झालं. उलट हायस्कूलमधून वर गेलेला पिचर डेड चेंडूवर अपील करून मोकळा होतो आणि मग पुढचा पिच टाकतो. पिच पडला की ओबीआरमध्ये तो विषय संपला.

बदली खेळाडू, आणि स्कोअररची डोकेदुखी

ओबीआर आणि कॉलेजात बाहेर गेला तो गेला. हायस्कूलमध्ये सुरुवातीच्या प्रत्येक खेळाडूला एकदा परत येता येतं, पण बॅटिंगच्या त्याच क्रमांकावर. बदली म्हणून आलेला बाहेर गेला की संपला. लिटल लीगमध्ये सुरुवातीचा खेळाडू परत येतो ते बदलीने एकदा बॅटिंग आणि सलग सहा बचावातले आउट पूर्ण केल्यावरच. तिथे सक्तीच्या खेळाचाही नियम आहे, प्रत्येक मुलाला निदान एक बॅटिंग आणि सहा आउटचा बचाव. बरेच विभाग सगळ्यांना बॅटिंग क्रमात घालून ही कटकट कमी करतात.

चुकीचा खेळाडू परत आला तर काय, यातही अंतर आहे. ओबीआरमध्ये लक्षात आल्यावर त्याला बाहेर काढतात, तोवर झालेला खेळ उभा राहतो. हायस्कूलमध्ये बॅटिंग करणाऱ्या संघाचा बेकायदा बदली पकडला तर तो आउट आणि बेंचवर. म्हणून हायस्कूलच्या लाइनअप कार्डावर प्रत्येक नावापुढे दोन चौकोन आखा, एक ‘गेला’, एक ‘आला’. दोन्हींवर खूण झाली की तो खेळाडू पुन्हा बाहेर गेला तर परत येणार नाही.

डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच (दुसऱ्याऐवजी फक्त बॅटिंग करणारा), ओबीआरमध्ये फक्त पिचरसाठी. मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये तो २०२२ पासून आहे. त्याच वर्षी, सामना सुरू करणारा पिचर स्वतःचाच डीएच होऊन पिचिंग संपल्यावर बॅटिंग चालू ठेवू शकतो हेही आलं. कॉलेजात ही सोय आधीपासून होती. हायस्कूलमध्ये डीएच कोणत्याही फील्डरसाठी लावता येतो, आणि २०२० पासून तो फील्डर स्वतःच डीएच असू शकतो. कार्डावर डीएच नेमका कोणासाठी ते लिहिलेलं नसेल तर अंपायरने कार्ड स्वीकारण्याआधी विचारावं.

कर्टसी रनर हायस्कूलमध्ये, तोही राज्याने स्वीकारला तर. पिचर आणि कॅचरसाठी, पण दोघांसाठी एकच मुलगा नाही, आणि सामन्यात आधी खेळलेला मुलगाही नाही.

प्लेटवरच्या भेटीत विचारायचं ते

सामन्याआधी होम प्लेटजवळ दोन मिनिटं मिळतात. ती ग्राउंड रूल्सच्या पाठांतरात घालवू नका. हे विचारा: मूळ पुस्तक कोणतं आणि कोणत्या वर्षाचं? फरकाचा नियम किती डावांनंतर, किती धावांचा? परत येणं आणि कर्टसी रनर आहेत का? पिच कोण मोजतंय आणि आकडे कधी जुळवायचे? वेळेची मर्यादा असेल तर ती डाव सुरू करण्याची की सामना थांबवण्याची? हायस्कूलमध्ये याच भेटीत अंपायर दोन्ही कोचना विचारतो की खेळाडूंचं साहित्य नियमानुसार आहे का. ‘हो’ म्हणण्याआधी बॅटच्या पिशवीत एकदा हात घाला, कारण नंतर बेकायदा बॅट निघाली तर त्या ‘हो’ची जबाबदारी कोचवर येते.

सामन्यात निकाल चुकलाय असं वाटलं तर डगआउटमधून ओरडण्याऐवजी टाइम मागा आणि ज्याने निकाल दिला त्याच अंपायरकडे जा. त्याने काय पाहिलं यावर नाही, त्याने कोणता नियम लावला यावर बोला. ‘ही टक्कर तुम्ही ऑब्स्ट्रक्शन धरली ना? मग ८-३-२ प्रमाणे एक बेस मिळायला हवा’ असं म्हटलं तर अंपायर साथीदाराला विचारू शकतो. हे पुढच्या पिचच्या आधी व्हायला हवं. लिटल लीगमध्ये नियमाच्या चुकीवरचा प्रोटेस्टही तेवढ्यातच नोंदवावा लागतो. हायस्कूलमध्ये राज्य प्रोटेस्ट स्वीकारत नसेल तर मैदानावरचं हे बोलणं एवढाच मार्ग उरतो. मेजर लीगने तर प्रोटेस्ट २०२० मध्ये बंदच केला.